मधल्या यादीतले शब्द

अन्याय झाला तो माझ्या आईवर, सुनीतावर. केव्हा, तेही नेमकं सांगते: मी नववीत होते त्या वर्षीच्या सव्वीस जानेवारीला, सकाळी सव्वानऊ वाजता, झेंडावंदन उरकल्यावर आणि जिलेबी वाटायच्या आधी, शाळेच्या मैदानात, दोनेकशे पालकांच्या देखत. मी गेली काही वर्षं पत्रकं लिहिते आणि चौकात उभी राहून वाटते. संघटनेत पत्रक लिहायला शिकवलं तेव्हा पहिला नियम सांगितला गेला की कोणावर अन्याय झाला ते आधी लिही, मग केव्हा झाला ते, रडारड नंतर. म्हणून तसंच सुरू केलं. आत्मकथन लिहायचं माझं वय नाही, अजून तिशीसुद्धा गाठलेली नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्या बाईचं वय झालंय ती हे लिहिणार नाही. तिला अजूनही वाटतं की चूक तिच्याच वाक्यात कुठेतरी असणार.

आम्ही तेव्हा नाशिक रोडला, सिन्नर फाट्याच्या बाजूला, दोन खोल्यांत राहायचो. पुढच्या खोलीत पप्पांचं शिलाई मशीन होतं, तेच त्यांचं दुकान. रिक्षांची सीट कव्हरं शिवायचा त्यांचा धंदा, त्यामुळे घराला कायम रेक्झिनचा वास, आणि फरशीवर कुठेही अनवाणी पाय ठेवला की पिवळ्या नाहीतर काळ्या दोऱ्याचा गुंता पायाच्या बोटांत अडकणार. मागच्या खोलीत स्वयंपाक, मोरी, माझं दप्तर आणि आईचं राज्य. पहाटे रस्ता शांत असला की स्टेशनवरची घोषणा आमच्या मोरीपर्यंत ऐकू यायची. आधी मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी. आई भाकरी थापता थापता तिन्ही ऐकायची, आणि तिसऱ्या वेळेला तिचे हात थांबायचे. तव्यावरची भाकरी करपायची ती याच कारणामुळे, हे मला कितीतरी उशिरा कळलं. मी आपली चिडायची, की रोज एक बाजू काळी कशी होते! इनकन्व्हिनियन्स आणि रिग्रेट हे दोन शब्द तिने शाळेत जाऊन शिकलेले नाहीत, बाजरीच्या भाकरीवर शिकलेले आहेत. पप्पा दुकानातून उशिरा जेवायला आले की ती ताट पुढे सरकवत म्हणायची, "द इनकन्व्हिनियन्स इज डीपली रिग्रेटेड, असं म्हणा आधी." पप्पा चांदवडकडचे. ते म्हणायचे, "लय भूक लागलीय सुने, गाडी फलाटावर लागू दे आधी."

आई एका इंग्रजी शाळेत मावशी होती. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं की तुम्ही म्हणाल, हां, ती शाळाच तसली, आणि सुटाल. मावशी म्हणजे काय तेही सांगते, कारण ज्यांची मुलं अशा शाळांत जातात त्यांना ते सर्वांत कमी माहीत असतं. नर्सरीतल्या चाळीस पोरांचे डबे उघडून देणे, पुसणे, धुणे, चड्ड्या बदलणे, वर्ग झाडणे, रडणाऱ्याला कडेवर घेऊन वर्गाबाहेर फिरवणे आणि गप्प झाला की आत आणून टीचरच्या हवाली करणे, म्हणजे मग टीचरने त्याला ए फॉर अ‍ॅपल शिकवायचं. मावशीला हिरवी काठाची साडी ठरलेली. मावशीला वर्गात खुर्ची नाही. ती दाराशी पायरीवर बसते, किंवा बसत नाही. आणि मावशीला नाव नाही. शाळेत पाच मावश्या होत्या आणि पाचही जणींना "मावशी" म्हणून हाक मारली की जी जवळ असेल तिने जायचं. मी त्याच शाळेत शिकत होते, कर्मचाऱ्याच्या एका मुलाला प्रवेश मिळायचा म्हणून. मधल्या सुट्टीत आई जिन्यावर भेटली तर मी "मावशी" म्हणायचे. खरं तेच लिहायचं ठरवलंय, म्हणून हेही लिहिलं.

तर मी नववीत गेले त्या जुलैत स्टाफरूमच्या बाहेरच्या फलकावर एक नोटीस लागली. सर्व कर्मचाऱ्यांनी इंग्रजी शब्दसंग्रह वाढवावा, त्यासाठी शब्दांच्या तीन याद्या ऑफिसात मिळतील, सोपी, मधली आणि अवघड. मधल्या यादीची तोंडी परीक्षा ऑक्टोबरात होईल, आणि त्यात उत्तीर्ण होणारे असिस्टंट टीचरच्या जागेसाठी एलिजिबल, म्हणजे पात्र, धरले जातील. आता या नोटिशीत "ऑल स्टाफ" लिहिलं होतं. लिहिणाऱ्याच्या मनात टीचर आणि ऑफिसातली माणसं होती, मावश्या फलक वाचत असतील हे त्याच्या डोक्यातही आलं नसणार. आईने वाचलं. फलक पुसायचं काम तिचंच होतं. दुसऱ्या दिवशी ती प्रिन्सिपल मॅडमपुढे जाऊन उभी राहिली. मॅडम चांगल्या बोलायच्या, हसतमुख होत्या, हेही नोंदवते.

"अहो मावशी, हे टीचर्ससाठी आहे."

"मॅडम, ऑल स्टाफ लिहिलंय. मी स्टाफमध्ये नाही का?"

"आहात ना, ऑफकोर्स आहात!"

"मग नाव लिहा."

मॅडम हसल्या आणि नाव लिहिलं. नुसतं "मावशी" लिहिलं, तेव्हा आईने बोट ठेवून सांगितलं, "सुनीता लिहा. पाच जणी आहोत आम्ही." मग त्यांनी तिच्या हातात सोपी यादी ठेवली. कम, गो, सिट, वॉश, ब्रिंग, क्लीन, क्वाएट, वेट. आईने ती दारातच उभं राहून वाचली आणि परत दिली. मधली मागितली. घरी आल्यावर मी विचारलं, सोपी का नाही घेतलीस, आधी सोपी, मग अवघड, असंच शिकतात ना? ती लसूण सोलत होती. म्हणाली, "त्या यादीतले सगळे शब्द मला रोज कोणीतरी म्हणतंच. ते मला येतात. मला विचारायचे शब्द पाहिजेत." मी म्हटलं, म्हणजे? तिला नीट सांगता येईना. आज मी तिच्या वतीने सांगते. पहिल्या यादीवर हुकूम ऐकता येतो. तिसरी यादी समारंभात मिरवायला असते. तक्रार करायची, कारण विचारायचं, नकार द्यायचा, हक्क सांगायचा, तर त्याला लागणारे सगळे शब्द मधल्या यादीत असतात. आणि गरिबाच्या हातात दर वेळी पहिली यादी ठेवली जाते, प्रेमाने, पाठीवर हात ठेवून.

त्या जुलैपासून आमच्या घरात जे सुरू झालं त्याने मी आणि पप्पा कावून गेलो. आईने काळा मार्कर आणला आणि स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याच्या झाकणावर एकेक शब्द लिहिला. नियम असा की डबा उघडायचा असेल तर झाकणावरच्या शब्दाचं वाक्य करायचं. वाक्य झाल्याशिवाय झाकणाला हात नाही. तीन वेळा तीन वेगळी वाक्यं झाली की ती शब्द पुसून नवा लिहायची. मी शाळेतून भुकेली यायची, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा समोर, आणि झाकणावर हेझिटेट. मी नववीत, मला हेझिटेट येत होतं, प्रश्न तो नव्हता. आपल्याच घरात लाडू खायला परीक्षा द्यावी लागते याचा संताप यायचा. "आय डू नॉट हेझिटेट टू ईट लाडू," मी दात खाऊन म्हणायची. "असं नाही," आई म्हणायची, "खरं वाक्य कर. तू कशाला कचरतेस ते सांग." खरं वाक्य! तिचा हा हट्ट मला सर्वांत जास्त छळायचा. पुस्तकातलं वाक्य चालायचं नाही, राजू आणि त्याचा कुत्रा चालायचा नाही. आपल्याबद्दलचं, घरातलं, आजचं, खरं असेल तेच वाक्य. खोट्या वाक्यातला शब्द टिकत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

पप्पांची तर दैना होती. एकदा दुपारी ते भाकरी घेऊन बसले, चटणीच्या डब्याकडे हात नेला, आणि आईने डबा मागे ओढला.

"मला चटणी पाहिजे, परीक्षा नाय."

"वाक्य करा मग."

"कशाचं?"

"झाकणावर बघा."

"रि... रिलक... हे काय हाय?"

"रिलक्टंट. मनातून करायचं नसतं, पण करावं लागतं, तसं."

पप्पांनी भाकरीचा तुकडा हातात धरून थोडा विचार केला. "मंग तसा तर मी रोजच हाय. आय अ‍ॅम रिलक्टंट हजबंड."

मला वाटलं आता भांडण. आई डबा पुढे सरकवून म्हणाली, "बरोबर आहे. घ्या." आणि इतकी हसली की ठसका लागला. पुढे ते दुकानात येणाऱ्या रिक्षावाल्यांवर शब्द टाकायला लागले. एखादा म्हणाला की उद्या पैसे देतो, तर पप्पा म्हणायचे, "पोस्टपोन करू नको राजा." म्हणजे पुढे ढकलू नको. रिक्षावाल्यांनाही तो शब्द येऊ लागला. सिन्नर फाट्यावरच्या निम्म्या रिक्षावाल्यांना पोस्टपोन आमच्या गुळाच्या डब्यामुळे येतो, यावर मी पैज लावायला तयार आहे.

ऑक्टोबरात परीक्षा झाली. मॅडम आणि दोन जुन्या टीचर टेबलामागे, समोर स्टीलच्या वाडग्यात चिठ्ठ्या. दहा चिठ्ठ्या उचलायच्या, निघेल त्या शब्दाचं वाक्य करायचं. खोलीत काय झालं ते मी आईच्याच तोंडून ऐकलेलं आहे, पण शंभरदा ऐकलेलं आहे. पहिल्याच चिठ्ठीत रिलक्टंट निघाला. तिने वाक्य केलं, माझा नवरा कूट करायला रिलक्टंट असतो. तिघी हसल्या. मग अ‍ॅडिक्वेट निघाला, म्हणजे पुरेसा. आई म्हणाली, "द वॉटर इन द नर्सरी बाथरूम इज नॉट अ‍ॅडिक्वेट फॉर फोर्टी चिल्ड्रन." नर्सरीच्या बाथरूममधलं पाणी चाळीस मुलांना पुरत नाही. ती रोज दोन बादल्या खालून वर नेत होती, त्याचं हे वाक्य. मॅडम म्हणाल्या, "व्हेरी गुड सेंटन्स, मावशी!" आणि कागदावर बरोबरची खूण केली. पाण्याचं कोणी काही बोललं नाही. आई खुशीत सांगत होती की खूण मोठी केली, लाल पेनाने. मी तेव्हा तिच्याबरोबर खूश झाले. आज ते आठवलं की डोक्यात जातं. त्या खोलीत तीन शिकलेल्या बायका होत्या, त्यांना पाणी पुरत नाही असं स्पष्ट सांगण्यात आलं होतं, आणि तिघींनी त्या वाक्याला मार्क दिले.

आई पास झाली. फलकावर तीन नावं लागली, दोन ऑफिसातली आणि तिसरं सुनीता. त्या तिघी असिस्टंटच्या जागेसाठी एलिजिबल. त्या संध्याकाळी पप्पांनी शेवभाजी आणली, आईने आमच्या सर्वांत मोठ्या, पिठाच्या डब्यावर एलिजिबल लिहिलं, आणि तो शब्द मात्र तिने तीन वाक्यांनंतर पुसला नाही. असिस्टंट झाली की काय काय होणार याची ती मोठमोठ्याने यादी करायची. स्वतःच्या साड्या नेसता येणार. वर्गात बसता येणार. पोरं टीचर म्हणणार. तिला पगारापेक्षाही पोरांच्या गोष्टीचं जास्त अप्रूप होतं. तिला गोष्ट सांगायची होती. मावशी रडणाऱ्या पोराला बाहेर नेते आणि त्याला गप्प करायला जी गोष्ट सांगते ती शिक्षणात धरत नाहीत.

डिसेंबरात ज्युनियरच्या वर्गातली असिस्टंट लग्न होऊन गेली आणि जागा रिकामी झाली. त्या जागेवर तेजस्विनी नावाची मुलगी आली. बाहेरून आली, बी.कॉम. झालेली, नवीन कोरी. मधल्या यादीची परीक्षा तिने दिलेली नव्हती. मुलगी चांगली होती, त्यामुळे आणखीच पंचाईत, कारण तिच्यावर रागावताही येईना. तिला खुर्ची मिळाली. आणि दुसऱ्याच आठवड्यात मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं की मधल्या सुट्टीत ती आईजवळ पायरीवर येऊन बसली आहे आणि विचारते आहे, "मावशी, स्टबर्न म्हणजे हट्टी ना? मी डायरीत लिहू का? पालकांना राग नाही ना येणार?" आणि आई तिला समजावते आहे की मुलाच्या डायरीत स्टबर्न लिहू नका टीचर, कडक वाटतं, तो ऐकायला जरा वेळ घेतो असं लिहा.

घरी मी फुटलेच. "तू तिला का सांगतेस?"

"विचारते पोर."

"तुझी जागा आहे ती!"

"तिने माझ्या हातातून ओढून नेली का? तिला दिली, तिने घेतली."

"मग देणारीला विचार ना!"

"विचारलं."

"काय म्हणाल्या मॅडम?"

आई डाळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्हणाल्या, मावशी, तुम्हीच सांगा, कालपर्यंत ज्यांनी मुलांच्या चड्ड्या बदलल्या त्यांना आज टीचर म्हणा असं पालकांना मी कसं सांगू? तुमचं कॅन्सल नाही केलेलं, पोस्टपोन केलंय." आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्यानेच मी वैतागले, कारण ते समाधान होतं. "सगळं इंग्रजीत म्हणाल्या," ती म्हणाली. "मला एकदाही अर्थ विचारावा लागला नाही."

सव्वीस जानेवारीच्या चार दिवस आधी मॅडमनी आईला बोलावून एक कागद दिला. नव्या वर्षाचे प्रवेश सुरू होते, नवे पालक झेंडावंदनाला बोलावलेले होते, आणि मॅडमची कल्पना अशी की मावशींनी स्टेजवर येऊन इंग्रजीत चार वाक्यं बोलायची. आमच्या शाळेत मावशीसुद्धा इंग्रजी बोलते, मग तुमच्या मुलांचं काय विचारता! कागदावर वाक्यं छापूनच दिली होती. मी साधी मदतनीस होते. मला काहीच येत नव्हतं. शाळेने मला शिकवलं. थँक यू, मॅडम.

आईने कागद पोळपाटावर ठेवला आणि वाचत राहिली. दुसऱ्या ओळीखाली तिने नखाने रेघ मारली. आय न्यू नथिंग.

"हे खरं वाक्य नाही," ती म्हणाली.

पप्पा मशीनवरून म्हणाले, "बोलून टाक ना सुने. चार ओळी त्या. पोरगी हाय त्या शाळेत. दहावी होऊ दे तिची."

"मी नाही म्हटलं का? मी फक्त म्हटलं खरं नाही."

"कोण ऐकतंय तिथं? लोक जिलेबीकडं बघत असत्यात."

पप्पांनी हे सहज म्हटलं होतं.

सव्वीस जानेवारीला थंडी होती. आईने हिरव्या साडीला खळ घातली होती, साडी चालताना कागदासारखी वाजत होती. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, छोट्यांचा नाच झाला. आम्ही नववीचे मैदानाच्या डाव्या अंगाला रांगेत उभे होतो. पालक खुर्च्यांवर. मॅडमनी माइकवर सांगितलं की आता एक स्पेशल सरप्राइज, आणि आईला वर बोलावलं. आई गेली. कागद हातात होता. तिने माइक थोडा खाली ओढला, कागदाकडे पाहिलं, आणि त्याची घडी घातली. मग ती बोलली. हळू, एकेक शब्द पाटावर मांडल्यासारखा.

"गुड मॉर्निंग. आय पास्ड द टेस्ट इन ऑक्टोबर. आय अ‍ॅम एलिजिबल. द पोस्ट वॉज व्हेकंट इन डिसेंबर. आय वॉज नॉट कन्सिडर्ड. काइंडली स्पेसिफाय द रीझन."

मी ऑक्टोबरात परीक्षा पास झाले. मी पात्र आहे. डिसेंबरात जागा रिकामी होती. माझा विचार झाला नाही. कृपया नेमकं कारण सांगा. यात न कळण्यासारखं काय आहे? एकही अवघड शब्द नाही. त्या खुर्च्यांवर इंजिनियर होते, बँकेतले होते, वकील होते, डॉक्टर होते. सगळे इंग्रजी येणारे. आई बोलून थांबली, आणि मॅडमकडे बघत उभी राहिली.

आणि टाळ्या वाजल्या.

नुसत्या वाजल्या नाहीत, कडाडल्या. मागच्या रांगेतून कोणीतरी शिट्टी मारली. मोबाइल वर झाले. आमच्या रांगेच्या मागे बसलेली एक बाई शेजारणीला म्हणाली, "किती क्लिअर बोलली गं, व्हेकंट काय, कन्सिडर्ड काय! आपल्याला जमायचं नाही." मॅडमनी माइक घेतला. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला होता, त्यांना कळलं होतं, एवढं मी शपथेवर सांगते. पण टाळ्या ऐकून त्या सावरल्या. "ब्युटिफुल!" त्या म्हणाल्या. "लुक अ‍ॅट द कॉन्फिडन्स!" पुन्हा टाळ्या. आमच्या सरांनी रांगेकडे बघून हाताने खूण केली, वाजवा वाजवा, आणि सगळी रांग वाजवू लागली. मीही वाजवल्या. मला वाक्य कळलं होतं, रांगेत सर्वांत आधी मला कळलं होतं, आणि तरी मी माझ्या आईच्या प्रश्नावर टाळ्या वाजवल्या.

टाळ्या संपल्या तरी आई उभीच होती. ती उत्तराची वाट बघत होती. तिला खरंच वाटत होतं की आता सांगतील. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिला स्टेजच्या पायऱ्यांकडे वळवलं, आणि माइक बाजूला धरून हळूच म्हणाल्या, "मावशी, आता जिलेबीचं बघा बरं." माइक तेवढा लांब धरलेला नव्हता. सगळ्यांना ऐकू गेलं, आणि लोक पुन्हा प्रेमाने हसले. आई खाली आली, हात धुतले, आणि कागदाच्या पुड्या वाटू लागली. पालक पुडी घेताना म्हणत होते, "व्हेरी नाइस, मावशी, व्हेरी नाइस." एकाने तिच्याबरोबर फोटो काढला. माझ्या रांगेपाशी आली तेव्हा मी पुडी घेतली आणि तिच्याकडे बघितलं नाही.

त्या दुपारी आम्ही घरी आलो. पप्पांचं मशीन सुरू झालं, बंद झालं. शेवटी आईच आत आली, माझ्यासमोर खाली बसली, आणि परीक्षेच्या आधी बसायची तशीच मांडी घालून विचारू लागली.

"व्हेकंट बरोबर वापरला ना?"

"बरोबर."

"कन्सिडर्ड?"

"बरोबर."

"स्पेसिफाय? की दुसरा शब्द पाहिजे होता?"

"नाही गं. सगळं बरोबर होतं."

"मग त्यांना कळलं का नाही?"

मी म्हटलं, "मी पण टाळ्या वाजवल्या." ती म्हणाली, "दिसलं मला." आणि उठून चहा टाकला. त्याच्या पुढच्या सोमवारी तिने ऑफिसातून तिसरी, अवघड शब्दांची यादी आणली. माझं डोकं फिरलं. मी ओरडले की शब्दांचा प्रश्नच नाहीये, कधीच नव्हता, तू डिक्शनरी पाठ केलीस तरी ते मार्कच देतील तुला! तिने ऐकून घेतलं आणि साखरेच्या डब्याचं झाकण पुसलं. वर्षभर ती त्या यादीशी झगडत होती. मी दहावी झाले, बाहेर पडले. तेजस्विनी टीचर कायम झाल्या. त्या अजून आईला भेटायला घरी येतात.

आई आजही त्याच शाळेत मावशी आहे. कारण अजून स्पेसिफाय झालेलं नाही. तिचा स्टेजवरचा फोटो शाळेच्या प्रवेशपत्रिकेवर बरीच वर्षं छापला जायचा, हिरवी साडी, हातात माइक, खाली "वुई एम्पॉवर एव्हरीवन". मी नाशिक रोडपासून मालेगावपर्यंत शाळांमधल्या मावश्यांची बैठक घेत हिंडते तेव्हा दर तिसऱ्या शाळेत एक तरी सुनीता भेटते, जी पात्र आहे आणि पायरीवर बसलेली आहे. आणि माझ्या पत्रकांचंही तेच होतं. मी लिहिते की अमुक शाळेने अमुक बाईला लेखी उत्तर दिलेलं नाही, आणि सुशिक्षित माणसं पत्रक हातात घेऊन म्हणतात, "ताई, भाषा काय जबरदस्त आहे हो तुमची!" पत्रक घडी करून खिशात जातं. मला त्यांची कॉलर धरावीशी वाटते.

म्हणून तुम्हाला आधीच सांगून ठेवते. हे प्रकरण छान लिहिलंय असं मला कळवू नका. उद्या सकाळी मुलाला शाळेत सोडायला जाल तेव्हा फाटकावर जी बाई त्याचं दप्तर घेते तिचं नाव विचारा, पूर्ण नाव. ती काय शिकली आहे, कुठली परीक्षा पास झाली आहे, तिला काय मागायचं आहे, ते विचारा, आणि ती सांगेल ते मधे न बोलता ऐका. मग तसेच ऑफिसात जा. तुम्ही फी भरता, तुम्हाला दारात कोणी अडवणार नाही. तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत तिथे विचारा, आणि उत्तर लेखी मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.